नावासकट बोलायचं

रेडिओवर काम करणाऱ्या बाईकडे इतके किस्से कसे साठतात, असं मला कोणी विचारलं की मी सांगते, कात्रीमुळे! गप्पा होतात दोन तास आणि कार्यक्रम असतो अर्ध्या तासाचा. उरलेलं सगळं कापायचं. कापलेलं कॉम्प्युटरमधून जातं हो, पण माझ्या डोक्यातून जात नाही. आणि वैताग असा की जे कापावं लागतं, तेच नेमकं ऐकण्यासारखं असतं.

आमच्या विद्यापीठाचा एक छोटासा रेडिओ आहे. नागपुरात ऐकू येतो, नशीब बरं असलं तर बुटीबोरीपर्यंतही पोचतो. त्यावर मी ‘तब्येत काय म्हणते?’ नावाचा कार्यक्रम करते. विद्यापीठातल्या संशोधकांना बोलवायचं आणि त्यांचं जीवशास्त्र व आपली दुखणी यांची गाठ घालून द्यायची, एवढंच काम. माझ्यासोबत दोघं असतात. मशीन सांभाळायला मोरूभाऊ, आणि पाहुण्यांसाठी प्रश्न काढून द्यायला प्रणाली.

प्रणाली बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करते. विषय सिकलसेल. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडं अशी दुखतात की धडधाकट माणूस गुरासारखा ओरडतो. आमच्या विदर्भाला हा आजार नवा नाही. आणि तो प्रणालीला स्वतःला आहे.

पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, “मॅडम, माझापण एक एपिसोड करा. पण मी नावासकट बोलणार. ‘एका रुग्णाची कहाणी’ वगैरे नाही!”

“करू की,” मी म्हटलं. माझं ते दोन शब्दांचं उत्तर पुढे किती जणांच्या घशात अडकलं, ते सांगतेच.

*

आधी आमच्या संचालकांची ओळख करून देते. माणूस वाईट नाही, पण त्यांना कायम कोणीतरी वरून ऐकतंय असं वाटतं. एकदा पोटाच्या विकारांवरचे एक प्राध्यापक बोलता बोलता ‘हगवण’ म्हणाले. संचालक तरातरा स्टुडिओत आले.

“अहो, हा विद्यापीठाचा रेडिओ आहे! अतिसार म्हणा, अतिसार!”

म्हटलं. अर्धा तास आम्ही अतिसार अतिसार केलं. कार्यक्रम संपतो न संपतो तोच एका बाईंचा फोन आला. आवाजात काळजी होती.

“मॅडम, हा अतिसार म्हणजे नवीन साथ आली काय? आमच्याकडे तं अजून हगवणच आहे!”

मी फोन स्पीकरवर टाकला आणि संचालकांच्या केबिनचं दार उघडून दिलं. त्या दिवसापासून आमच्या रेडिओवरही हगवणच आहे.

*

आतड्यातल्या जिवाणूंवर काम करणारा एक तरुण शास्त्रज्ञ आला होता. त्याला नागपुरातल्या नंदनवन भागातल्या काही घरांमधून सकाळचे नमुने गोळा करायचे होते. कशाचे, ते तुम्ही ओळखलंच असेल. विज्ञानात हुशार, पण बोलायला महालाजरा! एका काकूंच्या हातात त्यानं झाकणाची नवीकोरी डबी ठेवली, “यात... ते... सकाळचं... मी उद्या येऊन घेऊन जातो,” एवढं पुटपुटला आणि पळाला.

दुसऱ्या दिवशी गेला तर डबीत तिखटमिठाचा सांजा! वर कोथिंबीर भुरभुरलेली.

“काकू, हे काय?”

“मंग काय रिकामी परत देऊ? आमच्यात तशी पद्धत नाही बाप्पा!”

रेकॉर्डिंग चालू असतानाच प्रणालीनं त्याला विचारलं, “मग त्या सॅम्पलचं केलं काय?”

“आमच्या लॅबमध्ये खायला सक्त मनाई आहे,” तो गंभीरपणे म्हणाला.

“मग?”

“बाहेर नेऊन खाल्लं.”

*

तोंडाच्या कॅन्सरवर काम करणारे डॉक्टरसाहेब नागपूरजवळच्या वाडीला जायचे, ट्रक आणि गोदामांच्या गर्दीत. तिथे खर्रा खाणाऱ्यांची थुंकी तपासायला गोळा करायची होती. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा आमच्याकडे कोणत्या खिशात नसतो हे शोधणंच जास्त सोपं पडावं. डॉक्टरसाहेब हातात डबी धरून एका ड्रायव्हरच्या मागे लागले. “भाऊ, यात थुंका जरा.” ड्रायव्हर या ट्रकमागून त्या ट्रकमागे पळतोय, हे त्याच्या मागे.

शेवटी तो थांबला आणि त्यानं हात जोडले.

“साहेब, आजवर थुंकलो म्हणून लोकं मागं लागले. थुंकत नाही म्हणून मागं लागणारे तुमीच पहिले!”

*

डेंग्यूच्या डासांवर संशोधन करणाऱ्या एक मॅडम आल्या, तेव्हा अगदी रडवेल्या झाल्या होत्या. लॅबमध्ये डासांच्या अळ्या वाढवायच्या होत्या. त्यांना पाहिजे तेवढी ऊब, पाहिजे तसं पाणी, वेळच्या वेळी खाणं, आणि तरी पटापट मरत होत्या. आणि घरी? सासूबाईंच्या कूलरच्या टाकीत नुसता बुजबुजाट!

मॅडमनी घरी चिडचिड केली, तर सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, “तुह्याच्यानं होत नसन तं मले सांगायचं ना वं!”

*

आता हा किस्सा हसण्याचा नाही, पण सांगते.

उन्हाळ्यात आमच्याकडे कसं तापतं हे काय सांगायचं! शरीरावर उष्णतेचा काय परिणाम होतो याचा अभ्यास करणारे एक सर बुटीबोरीच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या बायकांशी बोलून आले होते. त्यांनी बायकांना समजावलं, तहान लागायच्या आधीच पाणी प्या, सारखं पीत राहा. त्यातली एक त्यांना म्हणाली, “सर, पाणी तं पिऊन घेऊ. पण मंग जाचं कुठं? संडास मॅनेजरच्या मजल्यावर आहे.”

सरांनी स्टुडिओत ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. प्रणालीनं पाण्याची बाटली उचलली होती, ती तशीच खाली ठेवली.

संचालकांचा निरोप आला, तेवढं वाक्य कापा. कारखानेवाले नाराज होतील.

मी केबिनमध्ये गेले. “सर, यात कोणत्याच कारखान्याचं नाव नाही. फक्त तहान आहे.”

“पण ज्याचं त्याला कळेल ना!”

“मग बरंच आहे की.”

“जबाबदारी तुमची हं!”

“हाव, माझी!” मी म्हटलं आणि वाक्य ठेवलं. राग आला की माझ्या तोंडून नागपुरी बाहेर पडतं, त्याला मी काय करू? त्या दिवशी मात्र मला भयंकर राग आला होता. बाईनं तहान आवरून दिवस काढायचा आणि तिचं एक वाक्यही हवेत जाऊ द्यायचं नाही!

*

प्रणालीच्या एपिसोडची गोष्ट निघाली आणि एकेकाला कंठ फुटला.

तिचे गाइड म्हणाले, “तू संशोधक म्हणून बोल. पेशंट म्हणून कशाला? लोक म्हणतील, स्वतःच्याच आजारावर काम करते, मग तटस्थपणा कुठून येणार?”

प्रणाली अत्यंत नम्रपणे म्हणाली, “सर, तुम्हाला शुगर आहे ना?”

“आहे. मग?”

“आणि तुमचे सगळे पेपर शुगरवरच आहेत ना?”

सरांनी चहा मागवला. तिला आणि मला. स्वतःसाठी बिनसाखरेचा.

*

थंडीनं प्रणालीचं दुखणं उसळतं. आमच्या स्टुडिओतला एसी म्हणजे तिचा वैरी. त्यामुळे ती आत असली की मोरूभाऊ एसी बंद करतात. ऐन मे महिन्यात! आम्ही तिघं घामानं निथळत काम करायचो. एकदा संचालक आले आणि रुमालानं मान पुसत ओरडले, “एसी कोणी बंद केला?”

“सर, मशीनचा आवाज माइकमध्ये येऊन राहिला होता,” मोरूभाऊ शांतपणे म्हणाले.

“मग दुरुस्त करून घ्या!”

“घेतो ना सर.”

त्याला किती उन्हाळे झाले. एसी अजून दुरुस्त होऊन राहिला आहे.

*

प्रणालीची आई अंगणवाडीत आहे. ती एक दिवस माझ्याकडे येऊन बसली. “जय भीम मॅडम,” म्हणाली आणि नंतर बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मागे एका स्थळाची माणसं पोरीला बघून गेली होती. सगळं पसंत होतं. आजाराचं कळलं आणि त्यांनी फोन उचलणंच सोडलं.

“मॅडम, तिले आजारावर बोलू द्या. पण नाव काहून सांगून राहिली ती? रेडिओवर गेलं म्हणजे साऱ्या नागपुराले कळन. मंग पोरीले पाहाले कोण येईन?”

प्रणाली दारातच उभी होती. “आई, हाडं माही दुखतात. मी कोणाची चोरी केली काय, की लपून राहू?”

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला तिचंही पटत होतं. रात्रभर कळा सोसणाऱ्या पोरीच्या उशाशी तीच बसलेली असते, मी नाही. पण पोरीचं जास्त पटत होतं.

संचालकांना कुणकुण लागलीच. “आधी रेकॉर्ड करा आणि मला ऐकवा,” त्यांनी फर्मान काढलं.

“ऐकवते ना सर,” मी म्हटलं. “सगळ्यांसोबत ऐकवते.”

आणि मी एपिसोड थेट प्रक्षेपणात लावला. तोही श्रोत्यांच्या फोनसकट!

*

त्या दिवशी काचेपलीकडे आई येऊन बसली. पोरीचं ऐकायला की तिला अडवायला, हे तिचं तिलाही ठरवता आलं नसावं. संचालक दाराशी उभे. आत मी, मोरूभाऊ आणि प्रणाली, एसी अर्थातच बंद. लाल दिवा लागला. प्रणालीनं आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं, मग आजाराचं, मग संशोधनाचं. आवाज एकदाही कापला नाही. कळा येतात तेव्हा काय होतं ते सांगितलं. दवाखान्यात ‘नाटक करते’ म्हणणाऱ्यांबद्दलही सांगितलं. मी घाम पुसते आहे असं दाखवत डोळे पुसत होते.

मग ती लग्नावर आली. “ज्याच्या रक्तात हा आजार नुसता दडलेला असतो, त्याला स्वतःला बहुधा त्रास होत नाही, त्याला म्हणतात वाहक. मी पेशंट आहे. माझा नवरा वाहक असला, तर लेकरांना आजार होण्याची भीती मोठी. म्हणून मी लग्न करीन तर वाहक नसलेल्या मुलाशीच. तो मला बघायला येण्याआधी मी त्याचा रिपोर्ट बघणार!”

लगेच फोन वाजला.

“मी बुटीबोरीवरून बोलून राहिली. आत्ताच रेडिओ लावला. काय म्हणे ते तुमचं, वाहक पोराशी लगन नाही करत?”

“हाव काकू,” प्रणाली म्हणाली. “नाही करत.”

“काहून वं? वाहकानं काय घोडं मारलं तुहं? माहा पोरगा वाहकच आहे! पर्मनंट आहे! डेपोत विचारून पाहा कोणालेही, एका पॅसेंजरची तक्रार नाही. चालकाशी करशीन अन् वाहकाशी नाही?”

मोरूभाऊ टेबलाखाली गेले. मी माझा माइक हातानं झाकला. प्रणालीनं ओठ दाबून धरले, पण तिला काही ते जमलं नाही, ती खळखळून हसली. थेट प्रक्षेपणात!

“काकू, एसटीतला वाहक नाही! रक्तातला वाहक! सिकलसेलचा!”

पलीकडे रेडिओचा आवाज बारीक झाला.

“असं व्हय! मंग एसटीतला चालते काय तुले?”

“एसटीतला चालते. रक्तातला नाही.”

“मंग मी उद्याच पाठवतो त्याले रक्त तपासाले. चांगला निघाला तं तुले पाहाले येतो आम्ही. चालन ना?”

काचेपलीकडे आई उभी राहिली होती. दोन्ही हातांनी खुणा करत होती, पण ‘हो म्हण’ म्हणत होती की ‘बस कर’, कोण जाणे. प्रणालीनं तिच्याकडे पाहिलं आणि माइक जवळ ओढला.

“नाही काकू. चांगला निघाला तं मीच येतो पाहाले. आईले घेऊन येतो. पोहे करून ठेवजा, अन् पोराले सांगजा, ट्रे त्यानंच बाहेर आणायचा!”