दिराच्या हातची वेणी

दीर गच्चीवर खुर्चीमागं उभा राहून बायकोची वेणी घालत होता. मी वाळलेले कपडे काढायला वर गेले होते. ते पाहिलं आणि माझा नुसता जळफळाट झाला. उगाच चांगुलपणाचा आव कशाला आणू? जळलेच मी.

माझ्या धाकट्या जावेचं छाती लहान करण्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, जड उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. म्हणून केसांचा प्रश्न. सासूबाई गल्लीत 'पाठीचं ऑपरेशन' म्हणून सांगत होत्या. तशा त्या फार खोटं बोलत नव्हत्या. दुखायची ती पाठच. पाठ, मान, खांदे. इथल्या उन्हाळ्यात तर छातीखालची कातडी घामानं सोलून निघायची. पालथं झोपायचं सुख ठाऊकच नाही. पुरुषांना वाटतं, बायका हे दिसण्यासाठी करून घेतात. मला मात्र कुणी काही समजावून सांगायला नको होतं. आम्ही दोघी जावा एकाच मापाच्या.

खरं तर तेल-कंगवा घेऊन मीच जाणार होते. थोरल्या जावेचंच काम ते. पण दिरानं आधीच कंगवा हातात घेतलेला. भांग वाकडा, पेड सैल, आणि बाईसाहेब डोळे मिटून खुशाल बसलेल्या.

"वहिनी, हा तिसरा पेड कुठनं घ्यायचा?" त्यानं विचारलं.

मी दाखवलं. दात-ओठ खात दाखवलं.

वर तिनंच कौतुकानं सांगितलं, की डॉक्टरांना सगळे प्रश्न यांनीच विचारले. व्रण फिके होतात, पण पुरते जात नाहीत. काही ठिकाणी बधिरपणा राहू शकतो. पुढं बाळ झालं तर दूध कमी येऊ शकतं. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं काय, तर हिला आता नीट झोप लागेल का. हे ऐकून मला दवाखान्याचा, टाक्यांचा, तिच्या त्या पुढून लावायच्या मऊ ब्राचासुद्धा हेवा वाटला.

हिनं किती दिवस मागं लागून त्याला तयार केलं असेल, असं मला वाटलं. मी तसं विचारलंही. दीर म्हणाला, "नाय वहिनी, ही कुठं काय बोलते. गॅसपुढं उभी राहिली की सारखी पट्टीखाली अंगठा घालून खांदा मोकळा करायची. एकदा विचारलं, काय होतंय गं. तर रडायलाच लागली."

मी कपडे घेऊन खाली आले. घड्या काही नीट पडल्या नाहीत.

संध्याकाळी आमचे हे वाळूजहून कंपनीच्या बसनं आले आणि चहा घेत स्वयंपाकघरातच टेकले. गच्चीवरची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. "बायकोची वेणी घालतो म्हणं. सगळी गल्ली बघती," ते हसत म्हणाले. वर आणखी, देवानं दिलेलं कापायचं कशाला, हेही ऐकवलं.

मी भाजी परतत होते. माझा अंगठा ब्राच्या पट्टीखालीच होता. रोज असतो, रोज ते तिथंच बसतात. मी गॅस बंद केला, त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले, पट्टी बाजूला सारली आणि त्यांचं बोट धरून खांद्यावरच्या खाचेत ठेवलं. बोट तिथं बरोबर बसलं. ते हसायचे थांबले.

"कधीपासनं हाये हे?"

"पोरगी झाली तेव्हापासून." पोरगी आता कॉलेजात आहे.

त्यांनी बोट काढलं नाही. मग म्हणाले, "मला कधी सांगितलं नाय तू."

"तिनं तरी कुठं सांगितलं होतं?" मी म्हणाले.