तिच्या वतीनं मी दिलेला नकार

स्नेहलच्या मानेतल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट आला, तेव्हा ती खाली तपासणीसाठी रक्त द्यायला गेली होती. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी मला एकट्यालाच बसवलं. "हॉजकिन लिम्फोमा आहे," त्या म्हणाल्या. म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार. संसर्गाशी लढणाऱ्या पेशीच बिघडतात आणि त्यांच्या गाठी होतात. "बरा होणारा आहे," असंही त्या म्हणाल्या, पण ते मला नीट ऐकू आलं नाही.

माझी मुलगी वीस वर्षांची, धाराशिवला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. बारीक ताप, घाम, उतरत चाललेलं वजन. टीबी असेल म्हणून आम्ही आमच्या गावी, तामलवाडीत, दोन महिने घालवले होते.

आजार पोटापर्यंत गेला होता, म्हणून केमो कडक लागणार होती. मॅडमनी पुढं सांगितलं, की या औषधांनी ओव्हेरियन रिझर्व्ह, म्हणजे अंडाशयातली शिल्लक बीजं, कमी होतात. कधी पाळी कायमची जाते. केमोआधी एग फ्रीझिंग करता येतं. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग भूल देऊन बीजं काढायची आणि गोठवून ठेवायची. तेवढे दिवस थांबायला हरकत नव्हती.

"तिला वर घेऊन या, मी समजावते," त्या म्हणाल्या.

"मीच सांगतो," मी म्हणालो.

मी सांगितलं नाही.

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. प्रजननाचा धडा आला की 'घरी वाचून या' म्हणून पान उलटायचो. त्या दिवशी जिना उतरताना माझ्या डोक्यात कॅन्सर नव्हता. भावकीत कळलं तर काय, पुढं सोयरिकीला येणारे काय विचारतील, कुवार पोरीची तसली तपासणी कशी करायची, हेच होतं. बायकोला, सुरेखाला, मी फोनवर खोटं सांगितलं, की बीजं काढण्यात वेळ जाईल आणि आजार वाढेल. ती रडत म्हणाली, "पोरगी वाचू द्या, बाकी काय बी नको." मला तिच्याकडून तेच ऐकायचं होतं.

बीजं गोठवायची नाहीत, असं मी सिस्टरांना सांगितलं; पण मुलगी सज्ञान, म्हणून नकाराच्या कागदावर सही तिचीच लागणार होती. कागद इंग्रजीत होता. ती बाकावर डोळे मिटून बसली होती, कोपरात कापसाचा बोळा दाबून.

"कशाची सही?" तिनं विचारलं.

"केमोची."

तिनं न वाचता सही केली. मॅडमनी कागद बघून मला विचारलं, "बोललात ना तिच्याशी?" मी हो म्हणालो.

सहा महिने केमो चालली. केस गेले, तोंड आलं, पाण्याचा घोटही तिला जाईना. शेवटी पेट स्कॅन, म्हणजे शरीरात आजार कुठं उरलाय ते दाखवणारी तपासणी, स्वच्छ आला. आम्ही गावात पेढे वाटले. पाळी मात्र परत आली नाही.

पुढच्या एका तपासणीला ती एकटीच गेली. एएमएच नावाच्या रक्ततपासणीत बीजांची शिल्लक जवळजवळ नाहीच असं निघालं. मॅडम तिला म्हणाल्या, तू त्या वेळी नको म्हणाली होतीस. घरी येऊन तिनं त्या कागदाची झेरॉक्स माझ्यापुढं ठेवली.

"सही माझी हाय, पप्पा. पण नको कोण म्हणलं?"

मी कारणं जुळवून ठेवली होती. ती मी सांगितली नाहीत. "मी म्हणलो," मी सांगितलं. "मला लाज वाटली."

तिनं झेरॉक्सची घडी घातली आणि म्हणाली, "मी बी कदाचित नकोच म्हणले असते. पण मला विचारायचं व्हतं."

त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. सुरेखानं आपलं अंथरूण लेकीच्या खोलीत नेलं.

आता बोलणं सुरू आहे, पण पहिल्यासारखं नाही. तसं व्हावं असं मागायचा हक्कही मला नाही. ती जिवंत आहे, कॉलेजला जाते, यासाठी त्या मॅडमचे आणि तिथल्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर पहिली केमो लागायच्या आधी डॉक्टरांना हे विचारा. मुलगा असेल तर वीर्य गोठवायला एखादा दिवस पुरतो. मुलीला जास्त दिवस लागतात, आणि काही आजारांत तेवढा वेळ नसतोही. ते डॉक्टर सांगतील. फक्त ते तुमच्या लेकराला सांगू द्या, आणि उत्तर त्यालाच देऊ द्या.

मागच्या आठवड्यात येरमाळ्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला हाच आजार निघालाय. कुठं जायचं, कुठं उतरायचं, ते मी सांगितलं. मग घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच मी काय केलं तेही सांगितलं.

ते म्हणाले, "सर, पोरीला असलं कसं सांगायचं हो?"

स्नेहल दारात उभी होती. कधीपासून, मला माहीत नाही. तिनं हात पुढं केला.

"फोन द्या इकडं," ती म्हणाली. "अन् त्यांना म्हणा, पोरीकडं द्या."

मी तसं सांगितलं, फोन तिच्या हातात दिला, आणि अंगणात जाऊन दार मागून ओढून घेतलं.