रिंगणातले सहा कार्बन

आमच्या घरात कॉलेजला आलेला मीच पहिला. त्यात एका सीनियरविषयी लिहितोय, हे धाडस सांभाळून घ्यावं.

कराडच्या आमच्या होस्टेलवर हा कवठे महांकाळचा सीनियर होता. "लय सोपं हाय," म्हणत पुस्तक मिटायचा. जीवरसायनशास्त्रात पुन्हा नापास झाला, तर त्याचे वडील, आबा, त्याला मेंढरांमागं धाडणार होते. परीक्षेआधी त्यानं सायट्रिक आम्लचक्र समजावायला आम्हा पाच जणांच्या हाती रुमाल देऊन गावाकडचं गजीनृत्य, धनगरांचा रिंगणातला नाच, मांडलं.

"पेशीत असंच चालतं. आपण चौघं कार्बन. दोघं आत या, झालो सहा. आता दोघं बाहेर, कार्बन डायऑक्साईड! आरं, रुमाल ठिवून जा, ऊर्जा हाय ती!"

"दर वेळी मीच का बाहेर?" मी कुरकुरलो.

"तुझा दम आधी जातोय, गड्या."

काल त्याचा फोन आला. "पास झालो रं! आबा म्हणत्यात, मंग मेंढरं काय तुजा मास्तर राखणार व्हय?"