मफलर रोज कुठे जायचा

भिलाईलगतच्या जामुलच्या कमलिनी लांजेवारला माहेरचे लोक लहानपणी ‘कावून’, म्हणजे ‘का’, म्हणायचे. कारण कोणी काहीही सांगितलं की तिचा पुढचा शब्द तोच. सूर्य लाल कावून? विहिरीतलं पाणी हिवाळ्यात गरम कावून? भंडारा जिल्ह्यातल्या माहेरच्या गावातून लग्न होऊन ती भिलाईला आली, नवऱ्याच्या स्टील प्लँटच्या क्वार्टरमध्ये संसार केला, घरी मशीन टाकून ब्लाऊज शिवले. पण सवय सुटली नाही. तिच्याकडे कपडे टाकणाऱ्या बायका माप देऊन जाताना चार प्रश्नांची उत्तरंही देऊन जायच्या.

त्यातल्याच एक लतिका मॅडम. दुर्ग शहरात पद्मनाभपुरला राहणाऱ्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर त्यांनी उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, मैनपाटच्या पठारावर छोटं पक्कं घर बांधलं होतं आणि वर्षातले आठ-नऊ महिने त्या तिथेच असायच्या. मागच्या एप्रिलमध्ये त्या ब्लाऊज न्यायला आल्या आणि म्हणाल्या, “मुलीचं बाळंतपण आहे, मला बंगलोरला जावं लागेल. जूनपर्यंत घराकडे कोण बघणार, कळत नाही. कुत्रा आहे, झाडं आहेत.”

कमलिनी काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, “मी जाऊ का?”

लतिकांना वाटलं, गंमत करते आहे. कमलिनीलाही क्षणभर तसंच वाटलं. ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि आजवर एकटी अशी कुठेच राहिली नव्हती. पण रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा ते ठरल्यासारखंच झालं.

हिरालाल प्लँटच्या फॅब्रिकेशन शॉपमधून निवृत्त झालेले. त्यांचा घास हातातच राहिला. “काय वो, तिथं जंगलात एकटी काय करशीन?”

“पाहीन.”

“काय पाहशीन?”

“तेच तर मालूम नाही ना. पहाड कसा असते ते मी कधी पाह्यलंच नाही. गाडीतून तो प्लँटच्या स्लॅगचा ढिगारा दिसते, तेवढाच.”

मुलगा प्रवीण आणि सून मोना यांनी आधी हसून, मग समजावून, शेवटी चिडून पाहिलं. मोनानंच मग म्हटलं, “जाऊ द्या ना आईले. आपण हाओत ना इथं.”

दुर्गहून रात्रीची गाडी, सकाळी अंबिकापूर, तिथून घाट चढणारी बस. बसमध्ये दुपारी बाराला तिला पदर अंगाभोवती घ्यावासा वाटला. जामुलला या वेळी सिमेंट कारखान्याची धूळ आणि ऊन मिळून दार उघडवत नाही. लतिकांनी दोन दिवस थांबून सगळं दाखवलं: पाण्याची मोटर, गुलाब, गच्चीवर जाणारा जिना. तो जिना त्यांच्या पुस्तकांच्या खोलीतून वर जायचा. “फक्त एक सांभाळा, कमलिनीताई. बाहेरचं कुणी घरात नको. माझी पुस्तकं, कागद सगळं उघडं असतं.”

“आन हा?” कमलिनीनं पायाशी पसरलेल्या काळ्या केसाळ कुत्र्याकडे बोट दाखवलं. त्याच्या गळ्याभोवती पांढऱ्या केसांचं जाड कडं होतं, म्हणून त्याचं नाव मफलर.

“तो सकाळी जातो कुठेतरी. संध्याकाळी येतो.”

“कुठं जाते?”

“देव जाणे. सहा वर्षं जातोय.”

लतिका गेल्या. घर एकदम मोठं झालं. पहिल्या सकाळी मफलर पोळी खाऊन कुंपणाखालून सरपटत बाहेर पडला आणि कमलिनी फाटकाशी उभी राहून पाहत राहिली. संध्याकाळी तो परतला तेव्हा अंगाला कुसळं चिकटलेली, पोट भरलेलं. वाटीतलं त्यानं हुंगलंसुद्धा नाही. हा जेवून येतो, पण कुणाकडे? दुसऱ्या दिवशी तिनं दाराला कुलूप लावलं आणि त्याच्या मागे निघाली.

त्या दिवशी ती बटाट्याच्या रिकाम्या शेतापर्यंतच पोचली. तिथून उतार सुरू झाला आणि कुत्रा सरईच्या, म्हणजे सालाच्या झाडांत नाहीसा झाला. पुढच्या वेळी ती नाल्यापर्यंत गेली आणि चपलेचा अंगठा तुटला. मग पठारावरच्या तिबेटी निर्वासितांच्या कॅम्पमधल्या दुकानातून तिनं कॅनव्हासचे बूट आणले. साडीखाली बूट घालून आरशात स्वतःलाच पाहून ती हसली. नाल्यापलीकडच्या चढावर श्वास लागायचा. ती दगडावर बसायची आणि बसल्या बसल्या आजूबाजूला पाहायची. मुंग्यांनी पानं शिवून केलेलं घर तिला तिथेच दिसलं. शिवणारीच ती, टाका कसा घातलाय हे पाहण्यात तिची अर्धी सकाळ गेली आणि त्या दिवशी मफलर पुन्हा हातचा सुटला.

हळूहळू पाय तयार झाले. शेवटी एका सकाळी चढ संपला, पलीकडे मोकळं कुरण दिसलं. बकऱ्या चरत होत्या. मफलर त्यांच्या कडेनं ऐटीत फिरत होता, एखादी लांब गेली की तिला वळवून आणत होता. झाडाखाली बसलेल्या बाईनं हाक मारली, “करिया!”, म्हणजे काळ्या, आणि मफलर शेपटी हलवत तिच्याकडे पळाला.

त्या बाईचं नाव फुलकुंवर. ती साधारण कमलिनीच्याच वयाची. तिची सरगुजिया बोली आणि कमलिनीची छत्तीसगढी यांचं थोडं अडखळत जमलं. कमलिनीनं विचारलं, हा कुत्रा तुमचा? फुलकुंवर म्हणाली, माझाच, लहान होता तेव्हापासून. दिवसभर बकऱ्या राखतो, भात खातो, पण संध्याकाळी कुठे जातो कळत नाही. मीही दोन-तीनदा मागे गेले, पण बकऱ्या सोडून किती जाणार?

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की बकऱ्या बुजल्या.

त्यानंतर कमलिनी जवळजवळ रोज कुरणावर जाऊ लागली. फुलकुंवर तिला वाटा दाखवायची. चार, म्हणजे चारोळीची फळं, कुठं पिकलीत, अस्वल कुठल्या बाजूनं येतं, कुठल्या कड्यावरून खालची गावं दिसतात. एक दिवस बकऱ्या सुनेवर सोपवून ती तिला लांब ‘उलटा पानी’ दाखवायला घेऊन गेली. तिथं झिरपणारं पाणी चढाकडे वाहताना दिसतं. कमलिनीनं पान टाकलं. पान वर गेलं. ती उताणी झोपून, वाकून, पाठमोरी होऊन पाहत राहिली. संध्याकाळी टेकाडावर मोबाईलची रेंज मिळाली तेव्हा तिनं हिरालालना सांगितलं.

“डोळ्याचा धोका असन,” ते म्हणाले.

“असन. पण कावून होते धोका? जमीन खोटी दिसते का पाणी?”

“मले काय इचारतं? तूच पाहून राहिली ना तिथं!” पण फोन ठेवताना त्यांनी विचारलंच, “मंग पान किती दूर गेलं?”

मे संपत आला होता. एका दुपारी वनखात्याचे लोक मोटारसायकलवरून ओरडत गेले: हत्तींचा कळप या बाजूला वळलाय, मातीच्या घरात कोणी राहू नका, पक्क्या घराच्या गच्चीवर जा. दिवस कलता कलता फाटकाशी माणसं दिसली. फुलकुंवर, तिचा मुलगा, सून, दोन नातवंडं, पाड्यातली आणखी तीन घरं. डोक्यावर गाठोडी, काखेत कोंबड्या, मागे बकऱ्या आणि त्यांना हाकणारा मफलर. फुलकुंवरनं काही मागितलं नाही. नुसती उभी राहिली. जवळपास दुसरं पक्कं घर नव्हतं.

कमलिनीनं फोन काढला. अंगणात रेंज कधीच नसायची. तरी तिनं दोनदा लावून पाहिला. टेकाडावर जायची ही वेळ नव्हती. गच्चीचा रस्ता पुस्तकांच्या खोलीतून होता, आणि घर तिचं नव्हतं. फुलकुंवरची लहानगी नात फाटकाच्या गजांतून तिच्याकडे टक लावून पाहत होती.

तिनं फाटक उघडलं. “या, आधी लेकरं वर घ्या.”

बकऱ्या व्हरांड्यात बांधल्या. माणसं खोलीतून जपून, अंग चोरून वर गेली. कमलिनीनं मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. हत्ती घराकडे आले नाहीत, पण सकाळी पाड्यात जाऊन पाहिलं तर फुलकुंवरच्या घराची मागची भिंत बसलेली होती. आतला भात, मोहफुलं, सगळं हत्ती खाऊन गेले होते. फुलकुंवर भिंतीच्या ढिगावर बसली. ती ज्या कोपऱ्यात झोपायची, तो कोपरा त्या ढिगाखाली होता. मंडळी आणखी एक दिवस लतिकांच्या घरी राहिली.

नंतर कमलिनी टेकाडावर गेली. लतिकांना फोन लावून सगळं सांगितलं. एका बकरीनं पडदा खाल्ला, तेही.

“माझ्या खोलीतून?” लतिका म्हणाल्या.

“हो. गच्चीचा रस्ताच तिथून हाय.”

“मला विचारायला हवं होतं, ताई.”

“रेंज नव्हती, मॅडम. आन असती तरी... तुमी नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मले मालूम नाही.”

लतिकांनी फोन ठेवून दिला. कमलिनी दगडावर बसून राहिली. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक गेलं, असं तिला वाटलं, आणि वाईटही वाटलं, कारण बाई चांगली होती.

तीन-चार दिवसांनी ती टेकाडावर गेली तर फोन वाजला. लतिकाच होत्या. त्यांनी पुस्तकांचं विचारलं नाही. म्हणाल्या, “मफलर कुठे होता त्या वेळी?”

“फुलकुंवरच्या बकऱ्यांपाशी. मॅडम, तो तिथंच जाते रोज. तिच्याकडं त्याचं नाव करिया हाय.”

“काय सांगता!” लतिका ओरडल्याच. “सहा वर्षं! किती लांब आहे? वाट कशी आहे?” आणि त्यांचे प्रश्न कितीतरी वेळ संपेनात.

जूनमध्ये लतिका परतल्या. दुसऱ्याच सकाळी कमलिनी त्यांना नाल्यावरून, चढावरून कुरणावर घेऊन गेली. लतिका तीनदा बसल्या. फुलकुंवरनं त्यांना चाराची फळं खायला दिली. कुत्रा तिघींच्या मध्ये बसला आणि कुणाकडेच न पाहता झोपी गेला.

दिवाळीनंतर लतिकांनी हिरालालना बोलावून घेतलं. घराला बाहेरून गच्चीवर जाणारा लोखंडी जिना हवा होता. हिरालालनी वेल्डिंग मशीनसकट येऊन तो केला. जिना इतका भक्कम झाला की लतिका म्हणाल्या, यावरून हत्तीच वर येतील. फेब्रुवारीत कळप पुन्हा आला तेव्हा पाड्यातली माणसं त्याच जिन्यानं वर गेली.

यंदा लतिका घरीच आहेत. राखणीला कुणाची गरज नाही. तरी कमलिनीनं मे महिन्याचं तिकीट काढलं आहे, यंदा हिरालालसह दोघांचं. फुलकुंवरनं निरोप पाठवलाय की दक्षिणेकडच्या दरीत एक गुहा आहे, तिच्यातून भर उन्हाळ्यात गार वारा येतो, आणि तो कुठून येतो हे पाड्यातल्या कुणालाच सांगता येत नाही.