विकुन्याचा कोट

ज्या जनावराचं तोंड मी जन्मात पाह्यलं न्हाई, त्याच्यापायी माझ्या बायकोची भर मांडवात फजिती झाली.

निजामाचं राज्य व्हतं. धावड्याला धाकट्या मेव्हणीचं लग्न निघालं. म्हणून तीर्थपुरीहून जालन्याला गेल्तो अन् मस्तगडातून नवा कोट शिवून आणला. दुकानदार म्हणला, "विकुना है मियाँ! नवाबां पहनते."

"म्हंजे काय?"

"कपड़े के थान पो लिखा है. क्या होता, अल्ला जाने!"

या सगळ्या भानगडीत 'ठाव न्हाई' म्हणणारा तो एकटाच.

घरी गिरजानं, माझ्या बायकोनं, कोटावर हात फिरवला. "अवं, विकुना म्हंजे काय?"

आता नवऱ्याला 'ठाव न्हाई' म्हणता येतं का? (येतं. हे मला सत्तरीत कळलं.)

"पाखरू हाय! बर्फाच्या डोंगरावर ऱ्हातं."

"पाखराला लोकर असती व्हय?"

"विलायतेत असती!"

तिला बराबर पटलं. मी म्हणलं की तिला पटायचंच, तीच तर पंचाईत!

धावड्यात सासऱ्यांनी कोट चाचपला. "जावईबापू, ह्ये कशाचं?" त्यांच्यापुढं पाखरू म्हणायची छाती झाली न्हाई. म्हणलं, "हरणाचं. इराणातल्या."

तिकडं बायांनी गिरजाला घेरलं. "नाव घे गं!" तिनं पदर सावरला अन् खणखणीत आवाजात म्हणली,

"रुखवतावर मांडले लाडू एकशेवीस,
रामरावांच्या कोटाला विकुना पाखराचं पीस!"

"पाखरू?" सासरे वरडले. "अगं पोरी, हरीण हाय ते! जावईबापूंनी आत्ताच सांगितलं!"

"हरणाला पंख कवा फुटले गं गिरजे?" तिची चुलती म्हणली. मंग काय, मांडव हसून हसून आडवा! तेवढ्यात एक म्हातारा धनगर उठला. माझी बाही चोळली, हुंगली अन् म्हणला, "बिलकुल मेंढी!"

एका कोटात तीन जनावरं! अन् आत चवथं, मी.

"तुमीच सांगा आता, जावईबापू!" सासरे म्हणले.

सगळे माझ्याकडं बघून राह्यले. गिरजाबी. एकच वाक्य बोलायचं व्हतं. मी बोललो, "जाऊ द्या वो, बाईमाणसाला काय कळतं!"

तिनं मान खाली घातली. "माझ्याच ऐकण्यात चुकलं आसंल."

परतीच्या वाटंला गाडीत तिनं हळूच इचारलं, "तुमी पाखरूच म्हणलं व्हतं ना?" म्या झोपेचं सोंग घेतलं. (त्या रस्त्यानं, बैलगाडीत, झोप! बैलांनासुद्धा खरं वाटलं नसंल.)

तिनं पुन्हा इचारलं न्हाई. पर पुढं चाळीस वर्षं कोन्या लग्नात तिनं माझं नाव घेतलं न्हाई. बाया लई मागं लागायच्या. ती म्हणायची, "मला येत न्हाई."

यंदा पोळ्याच्या आधी गिरजा गेली. परवा लेकीनं, ती मास्तरीण हाय, पुस्तकातलं चित्र दाखवलं. "दादा, ह्यो बघा तुमचा विकुना!" लांब मान, मोठे डोळे. लामा म्हणून जनावर असतंय, त्याचा ह्यो रानातला भाऊबंद. समुद्रापल्याडच्या डोंगरात ऱ्हातो. त्याच्या लोकरीच्या कापडालाबी विकुनाच म्हणत्यात.

म्या कोट काढून गिरजाच्या लुगड्यांच्या पेटीवर ठेवला अन् सगळं खरं सांगितलं. पेटीला सांगून काय उपेग?

लेक म्हणली, लई भित्रं जनावर, माणसं दिसली की पळतं. तेवढं मात्र मला लगेच पटलं. धावड्याच्या मांडवात तसला एक व्हता, मेंढीच्या लोकरीचा कोट घालून बसलेला.