अब्बूंच्या हातातून टरबूज सुटलं

मी कधी पोस्ट टाकत न्हाई. केजला आमचा फळाचा गाडा हाय. अपघातात अब्बूंच्या उजव्या हाताची नस दुखावली.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणल्या, "वजन वाढलं की नस स्नायूतले जास्त धागे कामाला लावते. पण तुमची नस अशक्त आहे, हळूहळू वाढवा."

अब्बूंनी अर्धंच ऐकलं. आज टेम्पोतून माल उतरवताना म्हणले, "मोठं टरबूज फेक बेटा. जड आलं की सगळे धागे उठतेल."

मी फेकलं. बोटं मिटलीच न्हाईत. टरबूज फुटलं.

टेम्पोवाला हसला, "चाचा, आता बसून विका!" अब्बूबी हसले. तो गेल्यावर डाव्या हातानं उजव्याची बोटं मिटवत बसले.

कुणाचा असा गेलेला हात परत आलाय का? आला असल तर इथं लिवा. न्हाई आला तर मला एकटीला मेसेज करा. इथलं सगळं अब्बू मला वाचून दाखवायला लावतेत.