भिंतीवरच्या बाया

काच फुटल्याचा आवाज ऐकून आनंदाने धावत येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच घरात राहायला होता. हे तुमच्या आजोबांचे धाकटे मामा. धुळ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या काचनळ्या वाकवून देणं ही त्यांची नोकरी, आणि काचेची माणसं घडवणं हा उद्योग. पाहुण्याच्या हातून पेला निसटला, की मी "असू द्या हो" म्हणेपर्यंत मामा तुकडे धोतराच्या सोग्यात भरून पसार. औषधाच्या तपकिरी बाटल्या, सोड्याच्या हिरव्या, कंदिलाच्या तडकलेल्या काचा, सगळं त्यांना चाले. एकदा माझी मुरांब्याची बरणी ते उजेडात धरून निरखत होते. म्हणाले, "सूनबाई, हिला बारीक तडा आहे. फार दिवसांची सोबत नाही." तो तडा मला आजतागायत दिसलेला नाही.

देव ते कधी करत नसत. हमाल करत, रेशनच्या रांगेतली म्हातारी करत. खरा छळ बंबाचा. तापलेली काच एकदम गार झाली तर तडकते, म्हणून प्रत्येक मूर्ती बंबाच्या ऊन राखेत पुरून ठेवायची. तुमचे आजोबा पंचा गुंडाळून आंघोळीला उभे, आणि मामा न्हाणीच्या दारात आडवे. "बंबाला हात लावू नकोस. आत बाई निवते आहे." माझ्या नणंदेला पाहायला आलेल्या मंडळींनी हे ऐकलं आणि पोहे अर्धे टाकून ती निघून गेली.

बाहत्तरच्या दुष्काळात गल्लीला पाणी उरलं ते समोरच्या शेठजींच्या विहिरीत. तेही तळाला गेलं, तेव्हा शेठजींनी घाबरून फाटकाला कुलूप लावलं, आणि बायका पांझरा नदीच्या कोरड्या वाळूत पाण्यासाठी झिरे उकरू लागल्या. कुंपणाच्या भिंतीवर काचा रोवायचं काम शेठजींनी मामांना सांगितलं; कोणी चढता कामा नये. मामा लगेच हो म्हणाले. शेजारची अक्का मला अहिराणीत ऐकवून गेली, "वहिनी, तुमना मामा बी शेठनाच शे."

काम पुरं झालं आणि गल्ली बघत राहिली. भिंतीवर टोकदार तुकड्यांऐवजी वीतभर उंचीच्या काचेच्या बायांची रांग होती. डोक्यावर हंडा, कडेवर पोर, एकीचा पदर वाऱ्याने उडालेला, आणि सगळ्यांची तोंडं विहिरीकडे. त्या फुटतील म्हणून भिंतीला कोणी हातसुद्धा लावीना. सांगितल्याप्रमाणे कोणी चढत नाही म्हणून शेठजी खूश. लांबून लोक बघायला येत, तेव्हा ते स्वतः एकेकीची ओळख करून देत.

शेठजींच्या आई मात्र दिवसभर खिडकीशी माळ घेऊन बसलेल्या. समोर ती रांग. एक दिवस त्यांनी मुलाला आणि मामांना समोर बोलावलं.

"बेटा, ह्या बाया रोज चालतात. पोचत एकही नाही. मला घास उतरत नाही."

शेठजी म्हणाले, विहीर आटेल.

"आटली तर सगळ्यांची आटेल. दार उघड, नाहीतर आजपासून मीही पाणी सोडलं."

शेठजींनी कमरेची किल्ली काढली. घरटी दोन हंडे ठरले. पहिल्याच दिवशी अक्का रांगेतून भिंतीकडे बोट दाखवून भांडत होती, "हाई मी शे. मना हंडा असाच तिरपा राहस."

विहीर कशीबशी पावसापर्यंत पुरली. पुढे गल्लीत नळ आले. माकडं, पतंग आणि पोरांचे चेंडू यांत भिंतीवरच्या बाया एकेक करून नाहीशा झाल्या. मामांनी एकही पुन्हा केली नाही. मला हळहळ वाटे. नव्या का करत नाही म्हणून एकदा मी विचारलं, तेव्हा ते त्या मोकळ्या भिंतीकडे बघून म्हणाले,

"पाणी मिळालं ना त्यांना, सूनबाई. घरी गेल्या असतील."